नोट्स टेक्स्टमध्ये, नकाशा चित्रात: ऑब्सिडियन आणि एक्सकॅलिड्रॉ सोबत कसं वापरायचं

गेल्या पावसाळ्याच्या आधी शेजारच्या रानात जेसीबी लावलेला, बांधाच्या कडेने चर काढायचा होता त्यांना. ड्रायव्हरने विचारलं, काका इथून तुमची पाइपलाइन जाते का, आमचे अण्णा म्हणाले नाही, चार फूट अलीकडून जाते, आणि पाच मिनिटांत आमची अडीच इंची सबमेन (मुख्य लाइनमधून निघणारी पोटलाइन) दोन तुकडे होऊन वर आली. चूक ड्रायव्हरची नव्हती आणि अण्णांचीही नाही. लाइन टाकली तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि चर कुठून गेला हे मी फोनवर लिहूनही ठेवलं होतं. नोट अशी होती: "आंब्यापासून सरळ बांधाकडे, मग डावीकडे." आता डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? विहिरीकडे तोंड केलं तर एक आणि रस्त्याकडे केलं तर दुसरं. माझंच लिहिलेलं मलाच कळेना.

त्याआधीचा प्रकार उलटा होता. एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे अण्णांनी झकास नकाशा काढलेला, विहीर, मोटर, सगळे कॉक, एकदम बरोबर. पण पाइप किती इंची, कुठला तुकडा कधी बदलला, फिल्टर शेवटचा कधी धुतला, यातलं काही नाही, कारण पत्रिकेच्या मागे लिहून लिहून किती लिहिणार. आणि ती पत्रिका शेवटी उंदरांनी खाल्ली.

तर या दोन फजित्यांतून मी जी पद्धत बसवली ती इथे सांगतोय. माझं उदाहरण संगमनेरकडच्या दोन एकर डाळिंबाच्या ड्रिपचं आहे, पण सोसायटीच्या पाण्याच्या लाइन्स, घरातलं वायरिंग, ऑफिसातले सर्व्हर, कशालाही हेच चालतं. नियम एकच: एखादी गोष्ट कुठे आहे हे चित्रात, ती काय आहे, कधी केली, कशी केली हे टेक्स्टमध्ये, आणि दोन्हीकडे तिचं नाव अक्षरशः तेच. हे तिसरं लोक विसरतात आणि मग चित्र एकीकडे आणि नोट्स दुसरीकडे अशी दोन अर्धवट भांडारं तयार होतात.

सामान काय लागतं

ऑब्सिडियन म्हणजे काय तर तुमच्या कॉम्प्युटरवरचा एक साधा फोल्डर दाखवणारं अ‍ॅप. त्या फोल्डरला ते व्हॉल्ट म्हणतात, आत सगळ्या मार्कडाउन फाइल्स. मार्कडाउन २००४ पासून आहे, ते मुळात साधं टेक्स्टच, हॅशची खूण टाकली की हेडिंग आणि डॅश टाकला की यादी, बास. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये फाइल उघडून वाचता येते, आणि मला हेच पाहिजे होतं कारण पूर्वी एका नोट्सच्या अ‍ॅपमध्ये तीन वर्षांचं लिहिलेलं अडकून पडलं होतं, एक्स्पोर्ट केलं तर फोटो एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे. अ‍ॅप फुकट आहे, अकाउंट काढावं लागत नाही, विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतं.

एक्सकॅलिड्रॉ हा चित्रांचा फळा. २०२० च्या जानेवारीत सुरू झालेला ओपन सोर्स प्रोजेक्ट, नुसत्या ब्राउझरमध्येही चालतो. त्याची खासियत म्हणजे रेघा हाताने काढल्यासारख्या थोड्या वाकड्या दिसतात, आणि हा नुसता नखरा नाहीये हं. सरळसोट, इंजिनिअरच्या ड्रॉइंगसारखा नकाशा दिला की माणूस त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो आणि मोजपट्टी लावतो, वाकडी रेघ दिसली की त्याला आपोआप कळतं की हे अंदाजे आहे, खोदायच्या आधी विचारलेलं बरं.

हे दोन्ही जोडणारं प्लगिन ऑब्सिडियनमध्येच मिळतं. सेटिंग्जमध्ये जा, कम्युनिटी प्लगिन्स, रिस्ट्रिक्टेड मोड बंद करा, ब्राउझ दाबून एक्सकॅलिड्रॉ शोधा, इन्स्टॉल आणि मग एनेबल. हे एनेबल विसरू नका, मी पहिल्यांदा विसरलो आणि अर्धा तास बटण शोधत बसलो.

आता प्लगिनची खरी गंमत कशात आहे ते सांगतो. प्रत्येक चित्र हे सुद्धा मार्कडाउन फाइलच असते, फक्त नावाच्या शेवटी एक्सकॅलिड्रॉ डॉट एमडी लागतं. ती फाइल टेक्स्ट म्हणून उघडली तर वर चित्रात टाइप केलेला सगळा मजकूर साध्या ओळींमध्ये दिसतो आणि खाली चित्राचा डेटा. म्हणजे चित्रात मी "आंब्याखालचा कॉक" असं टाइप केलं असेल तर ऑब्सिडियनच्या सर्चमध्ये ते चित्रही सापडतं, जसं नोट सापडते तसंच. फक्त टेक्स्ट टूलने टाइप केलेलंच सापडतं बरं का, पेनाने गिरवलेली अक्षरं म्हणजे सर्चसाठी नुसत्या रेघोट्या. टॅबलेटवर पेनने लिहायचा मोह होतो, मला पण होतो, पण नावं तरी टाइपच करायची.

पहिलं चित्र काढायच्या आधी

चार सेटिंग्ज आधीच बघून घ्या, नंतर निस्तरत बसण्यापेक्षा.

एक, चित्रं कुठल्या फोल्डरमध्ये जाणार. मी वेगळा फोल्डर ठेवत नाही, शेताच्या फोल्डरमध्येच नोट्स आणि चित्रं शेजारी शेजारी.

दोन, चित्राचा डेटा कॉम्प्रेस करायचा की नाही. कॉम्प्रेस बंद केलं तर खालचा डेटा (तो जेसन नावाच्या फॉरमॅटमध्ये असतो) वाचता येतो पण फाइल मोठी होते आणि सर्चमध्ये एकच शब्द दोनदोनदा सापडायला लागतो. मी चालू ठेवतो, कारण मजकूर तसाही वर वेगळा असतोच, आणि कधी लागलंच तर डीकम्प्रेस करायची कमांड आहे.

तीन, ऑटो एक्स्पोर्ट. हे चालू कराच. चित्र सेव्ह झालं की शेजारी त्याच नावाची एसव्हीजी किंवा पीएनजी फाइल आपोआप बनते, दोन्ही चालू ठेवली तरी चालतं. एसव्हीजी कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. प्लगिन उद्या कुणी सांभाळलं नाही तरी चित्र माझ्याकडे राहणार. खरं तर माझ्यासाठी ही एकच सेटिंग अख्ख्या प्रकरणाचा विमा आहे.

चार, फॉन्ट. यावर जरा जास्त बोलतो, कारण इंग्रजीतल्या व्हिडिओंमध्ये हे कुणी सांगत नाही, त्यांना गरजच नसते. एक्सकॅलिड्रॉचा जो हस्ताक्षरासारखा फॉन्ट आहे त्यात देवनागरी अक्षरं नाहीत. त्यामुळे मराठी टाइप केलं की कॉम्प्युटर आपल्याकडचा जो असेल तो देवनागरी फॉन्ट लावतो, विंडोजवर एक, फोनवर दुसरा, मॅकवर तिसरा. दिसायला तर विजोड दिसतंच, वाकड्या रेघांमध्ये सरकारी नोटिशीसारखी अक्षरं, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे प्रत्येक फॉन्टची रुंदी वेगळी म्हणून लॅपटॉपवर चौकटीत नीट बसलेलं "सँड फिल्टर" फोनवर चौकटीबाहेर लोंबकळतं. उपाय सोपा आहे. गूगल फॉन्ट्सवरून कलम नावाचा फॉन्ट उतरवा, इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, फुकट आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही हस्ताक्षराच्या वळणाचं. ती फाइल व्हॉल्टमध्ये टाका आणि प्लगिनच्या सेटिंगमध्ये लोकल फॉन्ट म्हणून निवडा. मग चित्रात टेक्स्ट लिहिताना तोच फॉन्ट घ्यायचा. फाइल व्हॉल्टमध्येच असल्यामुळे फोनवरही तीच जाते, रुंदीचा घोळ संपला.

आता चित्र

खाली पायाला काहीतरी घ्या, कोऱ्या फळ्यावर शेताचा आकार मनाने काढायला जाऊ नका, दोन बांध समांतर नसतातच कधी. मी महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवरून गटाचा नकाशा घेतला, त्याचा स्क्रीनशॉट फळ्यावर टाकला, ओपॅसिटी कमी करून फिका केला आणि कंट्रोल शिफ्ट एल दाबून लॉक केला म्हणजे चुकून सरकत नाही. सोसायटीसाठी बिल्डरने दिलेला फ्लोअर प्लॅन चालेल. हा स्क्रीनशॉट व्हॉल्टमध्ये वेगळी फाइल म्हणूनच राहतो, फळ्यात त्याचा नुसता संदर्भ असतो, त्यामुळे फाइल फुगत नाही. पण म्हणूनच तो स्क्रीनशॉट नंतर "नको असलेल्या इमेजेस" म्हणून उडवू नका, मी उडवला होता.

मग ग्रिड चालू करायचं. इथे माझी एक आवडती युक्ती आहे: ग्रिडचा एक चौकोन म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट धरायचा, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. गटाचा नकाशा ताणून असा बसवायचा की दोन एकरात साधारण ८० चौकोन येतील. त्याने काय होतं की अण्णांना स्केल समजावून सांगावी लागत नाही, ते चौकोन मोजतात आणि म्हणतात हा तुकडा बारा गुंठ्यांचा आहे, बरोबर आहे. सोसायटीवाल्यांनी एक चौकोन पाच फूट धरा.

एका कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढा आणि "डावीकडे उजवीकडे" हे शब्द कायमचे बंद करा. आमच्याकडे तसंही उगवतीचा बांध आणि मावळतीचा बांध असंच म्हणतात, तेच लिहायचं. तुमच्या शेतातल्या भाषेत आधीच अचूक शब्द असतात, आपण शहरात राहून ते विसरतो.

काढताना क्रम पाण्याच्या वाटेने ठेवा: विहीर, मोटर, सँड फिल्टर, व्हेंच्युरी (पाण्यात खत सोडायची), डिस्क फिल्टर, मेनलाइन, सबमेन, कॉक, शेवटी फ्लश व्हॉल्व्ह. मेनलाइन जाड निळी, सबमेन बारीक हिरवी, आणि लाल रंग फक्त जमिनीखालच्या केबलला. तीन रंगांच्या वर जाऊ नका. १६ एमएमच्या लॅटरल्स (ओळीओळीने जाणाऱ्या ड्रिपच्या नळ्या) एकेक काढत बसलात तर चित्राची चटई होईल, त्यांच्यासाठी एक बाण आणि "ओळी या दिशेने" एवढं पुरे. एक्सकॅलिड्रॉमध्ये लेयर्स नाहीत, वरखाली करायला कंट्रोल आणि चौकटी कंस वापरायचे, म्हणून आधी जमीन, मग पाइप, मग कॉक असं खालून वर काढलं की नंतर झगडावं लागत नाही.

टूल्सचे शॉर्टकट आहेत, आर म्हणजे चौकोन, ए म्हणजे बाण, टी म्हणजे टेक्स्ट, पी म्हणजे पेन. पण मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर आर दाबल्यावर काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं अ‍ॅप हँग झालं. मला हे पहिल्या आठवड्यात किमान दहा वेळा झालं. आकाराच्या आत नाव लिहायचं असेल तर आकारावर डबल क्लिक करा, मग नाव आकाराला चिकटून राहतं, आकार हलवला की नावही हलतं.

जमिनीखालच्या जागा मात्र नुसत्या चित्रावर सोडू नका. प्रत्येक महत्त्वाचा वळणबिंदू दोन न हलणाऱ्या खुणांपासून फुटात मोजायचा, आमच्याकडे विहिरीचं कठडं आणि डीपीचा खांब. एका खुणेपासून अंतर दिलं तर तो बिंदू गोलाकार कुठेही असू शकतो, दोन दिली की दोनच जागा उरतात आणि त्यातली एक बहुधा भलत्याच रानात असते. टेप दोन माणसांनी धरायची, एकट्याने होत नाही. हे आकडे टेक्स्ट नोटमध्ये लिहायचे, चित्रात फक्त ठिपका. जेसीबीवाल्या प्रकरणात मला हे दोन आकडे हवे होते, बाकी काही नाही.

नावं

मी आयटीवाला असल्यामुळे पहिल्यांदा सगळ्या कॉकांना नंबर दिले, व्ही १ ते व्ही ६. चित्र मस्त दिसत होतं. फोनवर अण्णांना म्हटलं व्ही ४ बंद करा, ते म्हणाले कुठला रे, आंब्याखालचा का? मग मी चित्रात बघून म्हणायचो हो, आंब्याखालचा. दोन महिने मी दुभाष्याचं काम केलं आणि शेवटी नंबर काढून टाकले. आता नावं अशी: आंब्याखालचा, बांधावरचा, पडवीमागचा, जुन्या विहिरीचा, मधला, आणि एक "रड्या" कारण तो कायम गळतो. वापरणारी माणसं ज्या नावाने हाक मारतात तेच नाव फाइलला द्यायचं, तेच चित्रात.

प्रत्येक नावाची एक छोटी नोट. माझी एक नोट जशीच्या तशी:

आंब्याखालचा कॉक
साइज: अडीच इंची बॉल व्हॉल्व्ह
जागा: विहिरीच्या कठड्यापासून ११८ फूट, डीपीच्या खांबापासून ६४ फूट
पाणी कुठे: उगवतीकडच्या नऊ ओळी
नोंदी:
– हँडल तुटलं, पान्याने फिरवायचा
– सबमेन जेसीबीने तुटली, कपलर टाकून जोडली, जोड कॉकच्या मावळतीला सहा फुटांवर
– नकाशा बघा: ![[शेताचा नकाशा.excalidraw]]

प्रत्येक नोंदीच्या पुढे तारीख असते, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात, इथे मी काढून टाकल्यात. शेवटच्या ओळीतलं उद्गारचिन्ह आणि दुहेरी चौकटी कंस म्हणजे तिथे चित्रच उमटतं. उद्गारचिन्ह काढलं तर नुसती लिंक. उभी रेघ देऊन पुढे ४०० लिहिलं तर चित्र तेवढ्या रुंदीचं. अख्खा नकाशा नको, फक्त त्या कोपऱ्याचा हवा असेल तर चित्रात त्या भागाभोवती फ्रेम काढा, फ्रेमची लिंक कॉपी करायची कमांड प्लगिनमध्येच आहे, ती नोटमध्ये पेस्ट करा. एकच नकाशा, सहा नोट्समध्ये सहा वेगवेगळे कोपरे, आणि मूळ बदललं की सगळीकडे बदलतं.

उलट्या बाजूनेही जोडायचं. चित्रात कॉकचं नाव लिहिताना दुहेरी चौकटी कंसात लिहा, [[आंब्याखालचा कॉक]], मग कंट्रोल धरून क्लिक केलं की ती नोट उघडते. आता नकाशा हीच अनुक्रमणिका झाली. मी तर फोल्डरमध्ये नोट शोधतच नाही, नकाशा उघडतो आणि जिथे गळतंय तिथे क्लिक करतो.

हे चौकटी कंस आणि हॅश टाइप करताना इनस्क्रिप्टवाल्यांना त्रास होणार, कारण त्या कीबोर्डवर कंसांच्या जागी ड आणि नुक्ता बसलेत. दरवेळी इंग्रजीत जाऊन परत येण्यापेक्षा ऑब्सिडियनमधल्या अंतर्गत लिंक टाकायच्या कमांडला एखादी हॉटकी देऊन टाका, आणि वरच्या नोटसारखा एक टेम्पलेट करून ठेवा म्हणजे खुणा हाताने टाकायलाच नकोत.

क्रम असेल तर चित्र काढू नका

काही गोष्टींना जागा नसते, फक्त क्रम असतो. मोटर चालू होत नाहीये, आधी काय बघायचं, मग काय. यासाठी फळ्यावर चौकोन आणि बाण जुळवत बसणं म्हणजे वेळ घालवणं, कारण मध्ये एक पायरी वाढली की सगळे चौकोन सरकवा. इथे मर्मेड वापरायचं, म्हणजे टेक्स्टच्या ओळी लिहायच्या आणि चौकोन-बाणांचं चित्र त्यावरून आपोआप बनतं. ते ऑब्सिडियनमध्ये आधीपासूनच आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. नोटमध्ये तीन बॅकटिक (` ही खूण), त्यापुढे मर्मेड हा शब्द इंग्रजीत, मग ओळी, शेवटी परत तीन. ओळ साधारण अशी:

ए["तिन्ही फेज आहेत का?"] -->|"नाही"| बी["थांबा, मोटर लावू नका"]

ए आणि बी इथे मी देवनागरीत लिहिलेत, तुम्ही मात्र इंग्रजी कॅपिटल अक्षरं टाका. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या जागी थेट "विहीर" असा मराठी शब्द टाकला तर काना मात्रा वेलांटीवर अडखळून एरर येऊ शकते. दिसणारा मजकूर अवतरणचिन्हांत टाकला की मराठी बिनबोभाट चालतं. पहिल्या ओळीत चित्र वरून खाली हवं की डावीकडून उजवीकडे एवढं सांगायचं, मांडणी ते स्वतः करतं. पायरी वाढली तर एक ओळ वाढवायची, झालं. गिटहबवरही (प्रोग्रामर लोक कोड ठेवतात ती साइट) २०२२ पासून हे असंच दिसतं.

जुन्या काळची लोकं, म्हणजे आमच्या टीममधले एक सर अजूनही, नुसत्या डॅश आणि उभ्या रेघांनी टेक्स्टमध्येच चौकटी काढतात. इंग्रजीत ते फार सुंदर जमतं. मराठीत जमत नाही, देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, जोडाक्षर आलं की उजवीकडची भिंत लगेच वाकडी.

सर्च आणि सिंकमधले खड्डे

कॉक ३ आणि कॉक 3 हे सर्चसाठी वेगळे. एकच अंकपद्धती ठरवा. व्हॉल, व्हॉल्व्ह, वॉल हेही वेगळे, म्हणून मी सरळ कॉक म्हणतो.

याहून छुपा खड्डा म्हणजे ऱ. "दुसऱ्या" मधला अर्धा र काही कीबोर्ड ऱ हे अक्षर वापरून लिहितात आणि काही साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारी खूण घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, सर्चला नाही. "खोऱ्यातली लाइन" नावाची माझी नोट फोनवर बनवलेली, लॅपटॉपवर टाइप करून सापडेचना, मी चक्क दुसरी नोट बनवली त्याच नावाची, आणि ती बनली सुद्धा! तेव्हापासून फाइलच्या नावात ऱ टाळतो, मजकुरात बिनधास्त.

गिट (फाइल्सच्या जुन्या प्रती सांभाळणारं टूल) वापरत असाल तर मराठी नावाच्या फाइल्स स्टेटसमध्ये उलट्या तिरप्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दिसतात, बघून धडकी भरते. फाइल बिघडलेली नसते. गिटच्या कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग फॉल्स करा, नावं मराठीत दिसायला लागतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चित्र एकाच मशीनवर बदला. टेक्स्ट नोट दोन ठिकाणी बदलली आणि सिंकमध्ये भांडण झालं तर दोन्ही प्रती शेजारी ठेवून डोळ्यांनी जुळवता येतात. चित्राच्या दोन प्रती अशा जुळवता येत नाहीत, एक ठेवायची आणि दुसरी टाकायची, आणि टाकलेल्यातच तो एक महत्त्वाचा बाण असतो. माझ्याकडे नकाशा फक्त लॅपटॉपवर बदलतो, फोनवर नुसता बघतो, शेतात काही नवं कळलं तर फोनवर टेक्स्टमध्ये एक ओळ टाकतो आणि घरी येऊन नकाशात चढवतो. सिंकसाठी, म्हणजे लॅपटॉप आणि फोनवरच्या फाइल्स सारख्या ठेवायला, मी सिंकथिंग हे अ‍ॅप वापरतो, त्याचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप २०२४ च्या शेवटी बंद झालं, आता दुसऱ्यांनी पुढे चालवलेलं चालतं. ज्यांना या भानगडी नकोत त्यांनी ऑब्सिडियनचीच विकतची सिंक घ्या.

ऑब्सिडियनच नको असेल तर व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये एक्सकॅलिड्रॉचं एक्स्टेन्शन आहे, चित्र एसव्हीजी म्हणूनच सेव्ह होतं आणि तरी परत एडिट करता येतं, प्रोग्रामर लोकांना ते जास्त सोयीचं पडेल. ड्रॉ डॉट आयओ पण तसंच करतं, रेघा सरळ लागतात अशांनी ते घ्या. ऑब्सिडियनचा स्वतःचा कॅनव्हासही आहे, पण तो नोट्सची कार्डं मांडून बाण जोडायला, त्यात वाकडा बांध काढता येत नाही, माझ्या कामाचा नाही.

अण्णांपर्यंत कसं पोचवायचं

अण्णा ऑब्सिडियन उघडणार नाहीत, त्यांना सांगायलाही जाऊ नये. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पीएनजी जाते. एक्स्पोर्ट करताना बॅकग्राउंड चालू ठेवा, नाहीतर चित्र पारदर्शक जातं आणि ज्यांच्या फोनला डार्क मोड आहे त्यांना काळ्यावर काळ्या रेघा दिसतात, मला "नुसतं काळं आलंय रे" असा फोन आला होता. आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटोत अक्षरं पुसट होतात.

शिवाय एक प्रिंट ए ३ साइजची, लॅमिनेट करून मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या शेजारी खिळ्याला. कोपऱ्यात काढल्याची तारीख मोठ्या अक्षरात, कारण जुनी प्रत आणि नवी प्रत खोलीत शेजारी शेजारी लटकलेल्या असू शकतात. शेजारी दोरीला बांधलेला एक पर्मनंट मार्कर. काही बदललं की अण्णा किंवा गडी त्यावरच खूण करतात, कधी फुली, कधी नुसता बाण, एकदा "हितं दगुड लागला" असंही लिहिलेलं.

दर दोन महिन्यांनी गावी गेलो की त्या प्रिंटचा समोरून सरळ फोटो काढतो, फळ्यावर नकाशाच्या वर टाकतो, फिका करून खाली जुळवतो, नव्या खुणा गिरवून घेतो आणि फोटो काढून टाकतो. प्रत्येक खुणेची एक ओळ त्या त्या कॉकच्या नोटमध्ये तारखेसकट. मग नवी प्रिंट. "हितं दगुड लागला" हे मात्र मी नकाशात तसंच्या तसं ठेवलंय, त्याच स्पेलिंगमध्ये, कारण गडी फोनवर तसंच म्हणतो आणि मला तसंच सर्च करायला लागतं.